ड्रायव्हर कुठे झोपतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना तोंडावर आला की आपल्या दैनिकाच्या पुरवण्यांतून कोकणी पाहुणचाराचं कौतुक सुरू होतं. झोपाळा, सोलकढी, उकडीचे मोदक, ओटीवर गप्पा. वाचून बरं वाटतं. मी गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीत राहतो. घराच्या दोन्ही अंगांना घरगुती निवास आहेत, तेव्हा ते कौतुक खोटं नाही हे मी रोज बघतो. पण या पाहुणचाराच्या हिशेबात एक माणूस कुठेच धरलेला नसतो. पाहुण्यांना घेऊन येतो तो, गाडीचा ड्रायव्हर.

पुण्या-कोल्हापूरची मंडळी खोल्या ताब्यात घेऊन, आंघोळ करून ओटीवर चहाला बसतात तेव्हा हा माणूस माडाखाली सावली शोधत गाडी मागेपुढे करत असतो. रात्री सगळ्यांची जेवणं उरकल्यावर याला ताट मिळालं तर मिळालं. मग सीट मागे पाडायची, काचा दोन बोटं खाली ठेवायच्या आणि त्याच गाडीत पडायचं. मेमध्ये रात्री अकरानंतर आमच्या वाडीतून चक्कर मारलीत तर अशा गाड्या ओळीने दिसतील. दार उघडं, बाहेर लोंबणारे पाय, तोंडावर टॉवेल. उकाडा आणि डास काय असतात ते मी इथल्या वाचकांना सांगायला नको.

मी एसटीत ड्रायव्हर होतो, चिपळूण आगारातून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी लाल डब्यावर झाली. आता लोक तिला लाडाने लालपरी म्हणतात, आम्ही डबाच म्हणायचो. त्यामुळे अंगणात कुणी पाहुणे आले की माझी नजर आधी गाडीकडे जाते आणि मग माणसांकडे. हे पत्र लिहायचं मनात बरेच दिवस होतं. गेल्या जानेवारीत राजस्थानच्या वाळवंटात जे बघितलं त्यानंतर मात्र राहवेना.

जावयाला वाळवंट बघायचं होतं. विमानाने जोधपूर आणि पुढे टॅक्सी असा त्याचा बेत होता. आमच्या घरातून, म्हणजे बायकोकडून, विमानाला साफ नकार मिळाला आणि मलाही रस्ता बघायचा होता. मुलीने मला स्टिअरिंगला हात लावायला बंदी घातली, म्हणून गाडी पंचक्रोशीतलीच ठरवली, सात सीटची. ड्रायव्हर शेजारच्या वाडीतला पोरगा. "काका, तुम्ही बाजूला बसा, पण पायाने ब्रेक दाबत बसू नका," एवढी एकच त्याची अट. संक्रांत झाली आणि निघालो. चिपळूण, पनवेल, वापी, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर करत बाडमेर. बाराशे किलोमीटरच्या आसपास.

बाडमेरपासून जैसलमेर दीडशे किलोमीटर. कुंभार्ली घाटात जन्म घालवलेल्या माणसाला त्या रस्त्यावर स्टिअरिंग कशाला दिलंय असाच प्रश्न पडावा. सरळ म्हणजे किती सरळ! दोन्हीकडे खुरटी झुडपं, मध्येच एखादं खेजडीचं झाड, म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. जैसलमेर जवळ येऊ लागलं की पवनचक्क्यांची रांगच्या रांग. आम्ही मात्र त्या दिवशी तिथवर पोचलोच नाही. शिव नावाचं गाव मागे पडलं आणि जावयाच्या मोबाइलने खुडी गावच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाणारा आडरस्ता दाखवला. एकेरी डांबरी रस्ता, समोरून गाडी आली तर एकाने खाली उतरायचं. ऊन कलल्यावर वारा सुटला होता. एका वळणापुढे बघतो तर डांबर वाळूखाली गेलेलं, जवळपास गुडघाभर. पोराला ते दिसेपर्यंत पुढची चाकं आत गेली होती.

वाळूत अडकलेल्या गाडीचं एक असतं. रेस द्याल तेवढी ती खाली बसते. पोराने डोकं शांत ठेवलं, टायरची हवा कमी केली, स्टेपनीवरचं पत्र्याचं झाकण काढलं आणि त्या झाकणाने तो वाळू उपसायला लागला. मी आणि जावई झुडपं तोडून चाकांखाली घालत होतो. तासाभराने गाडी होती तिथेच, आणि आम्ही तिघे कणकेत लोळल्यासारखे दिसत होतो. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा आले. डोक्याला मोठं पागोटं, हातात काठी. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला काठी टेकवून बघितली. ट्रॅक्टर सकाळी मिळेल, आता घरी चला, एवढंच बोलले. तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात, यातलं काही विचारलं नाही. शेळ्या पुढे, त्यांच्यामागे म्हातारबाबा आणि त्यांच्यामागे बॅगा घेऊन आम्ही.

तिकडे अशा सुट्या वस्तीला ढाणी म्हणतात. भोवती काट्यांचं कुंपण, आत शेणामातीने सारवलेलं अंगण, खींप नावाच्या झुडपाने शाकारलेल्या गोल झोपड्या आणि एक पिवळ्या दगडाची पक्की खोली. सारवण बघून आमच्या घरच्या खाली वाकून हात लावून आल्या, पोत बघायला. अंगणाच्या टोकाला टांका होता. टांका म्हणजे जमिनीत खोदून गिलावा केलेलं गोल टाकं, वर झाकण आणि झाकणाला कुलूप. त्याच्या भोवतालची जमीन चोपून, झाडून, टाक्याकडे उतरती ठेवलेली असते. पावसाचा थेंब न् थेंब तिथून वाहत आत जावा म्हणून. जैसलमेरकडे अख्ख्या वर्षात दोनशे मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. आमच्याकडे तीन हजारांच्या वर पडतो. तरी जांभ्यातून सगळं समुद्राला जातं आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या वरच्या वाड्यांना टँकर लागतो. तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन.

तर अशा ठिकाणी पाण्याला कुलूप असणार हे उघड आहे. म्हातारबाबांच्या सुनेने कुलूप काढलं, बादली सोडली आणि लोटा भरून दिला. त्यांनी तो आधी आमच्या ड्रायव्हर पोराच्या हातात दिला, मग मला, मग जावयाला. ज्याच्या अंगावर वाळू जास्त त्याला पाणी आधी, इतका साधा हिशेब. पोरगा लोटा धरून माझ्याकडे बघत राहिला. "अरे पी की," म्हटलं तेव्हा प्यायला.

रात्री जेवायला बाजरीचा सोगरा, म्हणजे आपल्या भाकरीपेक्षा चांगला जाड, त्यावर तूप. कढी, केर-सांगरीची भाजी आणि लसणाची लालभडक चटणी. सांगरी म्हणजे त्या खेजडीच्याच वाळवलेल्या शेंगा. केर ही तिकडच्या एका काटेरी झुडपाची फळं, लोणच्यातल्या कैरीसारखी मुरवलेली. पुरुषांना सगळं एकाच मोठ्या थाळीत वाढलं. म्हातारबाबा, त्यांचा मुलगा, मी, जावई आणि आमचा पोरगा, पाच जण एका थाळीभोवती. थाळीच एक म्हटल्यावर कुणाला नंतर बसवणार? नको म्हटलं की आणखी एक सोगरा पडायचा. आग्रहाला तिकडे मनुहार म्हणतात आणि त्यात ते आपल्याकडच्या श्रावणी सोमवारच्या पंगतीलाही हार जाणार नाहीत.

सगळंच सोन्यासारखं होतं असं चित्र रंगवायचं नाही. म्हातारबाबांनी आमची जात विचारली. तिकडे विचारतातच. विचारून झाल्यावर थाळी एकच ठेवली, हेही तितकंच खरं. बायका आत, पडद्याआड. आमच्या घरच्यांनी नंतर सांगितलं, सुनेने सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी बसून उरलेलं खाल्लं आणि तेवढ्यात दोनदा उठून बाहेर तूप पाठवलं. पाहुणचाराचा भार कुणाच्या कमरेवर पडतो हे बघायला वाळवंटात जावं लागत नाही. आमच्या वाडीतल्या घरगुती निवासांतही पहाटे चारला घावनांचं पीठ कोण भिजवतं ते मला ठाऊक आहे.

मला सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतरची. दगडी खोलीला ते कोटडी म्हणतात, बाहेरून आलेल्या पुरुषांची बसण्या-झोपण्याची जागा. तिथे खाटा टाकल्या, वर रल्ल्या, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या जाड गोधड्या. थंडी कडक होती. आमचा पोरगा सवयीने आपली चादर खांद्यावर टाकून अंधारात निघाला, गाडीकडे. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं आणि राहा म्हणेल असंही त्याला वाटलं नव्हतं. म्हातारबाबांनी हाक मारली. तो म्हणाला, गाडीत सामान आहे, मी तिथेच झोपतो. म्हातारबाबा हसले. "गाडी कुण ले जावै?" वाळूत रुतलेली गाडी चोराने न्यायची म्हटली तरी त्यालाही सकाळचा ट्रॅक्टर लागणार होता! मग त्यांनी त्याच्या खांद्यावरची चादर काढून घेतली आणि भिंतीकडच्या, वारा न लागणाऱ्या खाटेवर त्याला झोपवलं. ती त्यांची स्वतःची खाट होती. हे आम्हाला सकाळी कळलं, म्हातारबाबा चुलीशेजारी जमिनीवर झोपलेले दिसले तेव्हा.

सकाळी पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला, दोराने गाडी ओढली, दहा मिनिटांचं काम. पैसे घेईनात. डिझेलचे तरी घ्या म्हटलं, तेही नाही. आमच्या घरच्यांनी नातवाच्या मुठीत नोट कोंबली, ती त्याच्या आईने आतून परत पाठवली. शेवटी आमच्याकडच्या पिशव्या काढल्या. तिळगूळ, आमसुलं, आंबावडी आणि असोले नारळ. नारळ त्या पोरांना माहीत होता तो देवळातला, शेंडीचा. सोडणासकट नारळ बघून ती हरखली. सोलायला कोयती नव्हती, पहारही नव्हती. आमच्या ड्रायव्हरने टॉमी, म्हणजे चाक काढायची लोखंडी कांब, जमिनीत ठोकली आणि तिच्यावर नारळ सोलून दाखवला, एकापाठोपाठ सगळे. म्हातारबाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. घर सोडल्यापासून त्या प्रवासात पहिल्यांदाच तो पोरगा गाडी सोडून दुसऱ्या कशातला तरी वाकबगार माणूस म्हणून उभा होता.

दुसऱ्या रात्री आम्ही सम गावच्या टेकड्यांकडे तंबूच्या मुक्कामात होतो. जावयाने आधीच पैसे भरले होते. जागेचं नाव सांगत नाही, तशा जागा तिथे रांगेने आहेत. तंबूत पलंग, गरम पाणी, गाणंबजावणं. मांगणियार, म्हणजे तिकडचे पिढीजात गाणारे-वाजवणारे कलाकार, आले होते. कमायचा आणि खडताल ऐकून मी खरोखर गार झालो, वाद्यांवर माणसाचा हात असा पडायला पिढ्या जाव्या लागतात. पण दाराशी आधीच सांगितलं होतं, ड्रायव्हरची आत सोय नाही. पाहुण्यांचं जेवण झाल्यावर मागच्या दाराने ताट मिळेल. झोपायचं गाडीत. त्या रात्री पारा पाच-सहा अंशांवर असावा. मला झोप येईना. उठून पार्किंगकडे गेलो तर दहाबारा ड्रायव्हर फळकुटं पेटवून शेकत बसलेले. गुजरातचे, दिल्लीकडचे, आणि एक पुण्याचा निघाला. मराठी ऐकून त्याने जागा करून दिली. मी कोकणातला म्हटल्यावर म्हणाला, "काका, तुमच्याकडे पण येतो ना मी मेमध्ये. तिथे थंडी नाही, डास आहेत. एवढाच फरक."

याला काय उत्तर देणार? पोराला मी उठवून आमच्या तंबूत आणलं. चौकीदाराने थोडी कटकट केली, मग गप्प बसला.

तेव्हा वाळवंटातली माणसं थोर आणि कोकणातली कोती, असं काही मला म्हणायचं नाही. ढाणी आणि तो तंबूचा मुक्काम एकाच जिल्ह्यातले. एकीकडे घर होतं, दुसरीकडे दरपत्रक. दरपत्रकात माणशी भाव असतो, आणि ज्याचा भाव कुणी भरलेला नाही तो माणूस मोजायचा राहून जातो.

आम्हा कोकणातल्या लोकांना तर हे शिकायला इतक्या लांब जायची गरजच नाही. वस्तीची गाडी आठवा. शेवटची एसटी रात्री आठ-नऊच्या सुमाराला आडगावात पोचायची, तिथेच मुक्काम करायची आणि पहाटे पाच-साडेपाचला पहिली गाडी म्हणून निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर रात्रभर गावाचे पाहुणे. कुणी वर्दी द्यायची नाही, कुणी बिल करायचं नाही. आज या घरून कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी, उद्या त्या घरून आमटी-भात. देवळाच्या सभामंडपात नाहीतर कुणाच्या पडवीत अंथरूण. कंडक्टर पैशांची बॅग उशाला घेऊन कधी गाडीतच बाकावर झोपायचा, पण अंथरूण घेऊन कुणी ना कुणी यायचंच. पावसाळ्यात भिजून पोचलो की सुकी लुंगी तयार. बदल्यात आम्ही चिपळूणहून औषधं आणायचो, चष्म्याची काच बदलून आणायचो, मुंबईच्या चाकरमान्याने पाठवलेलं पार्सल दारात पोचवायचो. पहाटे एखादी बाळंतीण न्यायची असली तर गाडी दहा मिनिटं आधी काढायचो, वेळापत्रक गेलं खड्ड्यात. अंगावर गळणाऱ्या टपाखाली बाकावर रात्र काढायला लावणारी गावंही होती, नाही असं नाही, आणि कोणत्या गावाची वस्ती कशी हे आगारात सगळ्यांना पाठ असायचं. ड्युटी लावताना त्यावरून भांडणं व्हायची.

त्याच गावांतून आज घरगुती निवास उभे आहेत. ज्या पडव्यांत मी झोपलो त्यांतल्या काही आता बंद करून, फरशी घालून खोल्या झाल्यात. चांगलं झालं, घराला दोन पैसे मिळाले, मुलगा मुंबईला जायचा थांबला. पण नेमकी परक्याला टेकायला जागा होती तीच पडवी भाड्याच्या खोलीत गेली.

मी हा विषय वाडीत काढला तेव्हा जी उत्तरं मिळाली ती खोटी नाहीत, म्हणून देतो. एक, हंगाम तेवढाच. दिवाळी, नाताळ आणि मे. खोल्या मोजक्या, त्यातली एक ड्रायव्हरला दिली तर खायचं काय? दोन, घरात बायकामाणसं, अनोळखी माणसाला आत कसं घ्यायचं? तीन, काहीजण पिऊन येतात. आणि चार, पाहुणेच म्हणतात, त्याला रात्रीचा भत्ता दिलाय, त्याचं तो बघेल.

शेवटच्या उत्तरावर मला हसू येतं. भत्ता खिशात असला तरी रात्री दहा वाजता आमच्या किनाऱ्यावरच्या वाडीत तो माणूस बघणार काय? लॉज शृंगारतळीला नाहीतर चिपळूणला, आणि गाडी नेली तर सकाळी सहाला पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला न्यायला तो वेळेवर हजर कसा होणार? पिणाऱ्याचं म्हणाल तर आधी खोल्यांतल्या पाहुण्यांच्या रिकाम्या बाटल्या मोजा. त्यांना आपण नाही म्हणत नाही. घरात कसं घ्यायचं ही अडचण खरी आहे, पण कुणी माजघरात खाट टाका म्हणत नाहीये. खोलीही नको. आडोशाची पडवी, एक खाट, मच्छरदाणी, पंखा, मोबाइलला प्लग, बाहेरून जाता येईल असं न्हाणीघर आणि सगळ्यांबरोबर ताट. खर्च आला तर खोलीच्या भाड्यात धरा आणि पाहुण्यांना तोंडावर सांगा. गाडीला हजारो रुपये मोजणारा माणूस एका ताटाला नाही म्हणणार नाही, आणि म्हणाला तर तो कसला पाहुणा ते तरी कळेल.

यात नुसती माणुसकी नाही, जिवाचा प्रश्न आहे. रात्री न झोपलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाबाळांना घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट चढतो. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. आम्हा ड्रायव्हर लोकांना याची भीती शिकवावी लागत नाही. उकाड्यामुळे काचा बंद करून एसी लावून गाडी चालू ठेवून झोपणारेही मी पाहिलेत. एक्झॉस्टचा धूर आत शिरला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणसाला संपवतो, त्याला वास नाही की रंग नाही. आमच्या वाडीत असं झोपलेल्यांना मी काच ठोकून उठवतो. शिव्याही खातो.

कायदा नव्हता असंही नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला. पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होता. कामगारांना जिथे रात्रीचा मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीची जागा पुरवावी, असं त्यात लिहिलेलं होतं. एसटीच्या आगारांतून चालक-वाहकांच्या विश्रांतीच्या खोल्या असतात. पण पर्यटनाच्या गाड्या बहुतेक एकट्या मालकाच्या, नाहीतर हप्त्यांवर घेतलेल्या. मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. त्याने कुणाकडून विश्रांतिगृह मागायचं? हे ओळखून तमिळनाडूने २०२३ मध्ये बांधकामाच्या नियमांत बदल केला आणि हॉटेल-लॉजमध्ये पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठी झोपायची सोय करणं बंधनकारक केलं. आपल्याकडे मोठ्या हॉटेलांसाठी तसं करायला काय हरकत आहे? घरगुती निवासांवर बांधकामाची सक्ती नको, ती छोट्या माणसाला झेपणार नाही. पण 'निवास व न्याहारी' योजनेत घराची नोंदणी करताना खोल्या, स्वच्छतागृह वगैरे बघतात, तिथेच आणखी एक गोष्ट विचारा, ड्रायव्हर कुठे झोपेल? उत्तर लिहून घ्या. नुसतं विचारलं तरी निम्म्या घरांत खाट येईल. आमच्या लोकांना कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

माझ्या ओटीवर सध्या एक खाट आणि मच्छरदाणी असते. मागच्या हंगामात शेजारच्या निवासांतले ड्रायव्हर तिथे झोपून गेले. एक कराडचा होता, त्याने जाताना आमच्या पंपाचा बिघडलेला स्टार्टर दुरुस्त करून दिला. आमच्या शेजारणीने हे बघून आपल्या मागच्या पडवीत पंखा बसवला आणि पाहुण्यांच्या बिलात ड्रायव्हरचं जेवण लावायला सुरुवात केली. एकाही पाहुण्याने हुज्जत घातली नाही असं ती सांगते. पण एका वाडीत दोन घरांनी करून भागणार नाही.

आता आपल्याकडे एक मागणं. आपल्या पर्यटन पुरवणीत घरगुती निवासांच्या जाहिराती छापून येतात. खोल्या किती, एसी आहे का, शाकाहारी की मांसाहारी, समुद्र किती पावलांवर, सगळं असतं. त्यातच 'चालकाची सोय' असा एक रकाना टाका आणि जाहिरात देणाऱ्याला आहे किंवा नाही एवढंच लिहायला सांगा. नाही लिहायला कुणालाही लाज वाटेल, मला आमची माणसं माहीत आहेत. मेची पुरवणी छपाईला जाण्याआधी हे जमलं तर याच हंगामात उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी